चित्र उगवताना

आज मी तुमच्याशी चित्रकलेबद्दल चार गोष्टी बोलणार आहे. चित्रकला म्हटले की कुणी लगेच म्हणेल, "आमचा आणि चित्रांचा काय संबंध, गुरुजी? कपाशीचा भाव सांगा, तुरीवरच्या अळीचे औषध सांगा." म्हणणे खोटे नाही. पण दहा-पंधरा मिनिटे थांबा. बोलता बोलता गोष्ट चित्रांवरून पोरांवर येणार आहे, आणि पोरे तर घरोघरी आहेत.

मी चित्रकलेचा शिक्षक. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यात वडनेर नावाचे गाव आहे, तिथे मी मुलांना शिकवतो. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता गावाला लागूनच आहे. रात्रंदिवस ट्रक धावतात. त्या रस्त्याने जाणाऱ्याला आमचे गाव म्हणजे एक चहाची टपरी आणि दोहो बाजूंची कपाशीची शेते, एवढेच दिसते. पाहणाऱ्याची घाई असली म्हणजे गाव असे दोन मिनिटांत संपते. चित्राचेही तसेच असते, पण ते पुढे सांगतो.

गेल्या हिवाळ्यातली हकीकत. कापसाची पहिली वेचणी आटोपली होती. शाळेत एक प्रोजेक्टर आहे. तो एरवी कपाटात असतो. मी ठरवले, की या खेपेस मुलांना चित्रकाराचे काम दाखवायचे. चित्र नव्हे, काम. एका स्नेह्याने नागपूरहून दोन माहितीपट आणून दिले. पटांगणात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधली आणि मुलांना सांगितले, की घरच्या मंडळींनाही घेऊन या.

आता गावात बातमी कशी पसरते ते तुम्हांला ठाऊकच आहे. "शाळेत पिक्चर आहे" एवढेच घरोघरी पोचले. संध्याकाळी बघतो तो म्हातारी माणसे घोंगडी पांघरून आलेली, बाया कडेवर लेकरे घेऊन आलेल्या, आणि तरुण मंडळी मागे भिंतीवर चढून बसलेली. माझ्या पोटात धस्स झाले. ह्या पिक्चरमध्ये नट नाही, नटी नाही, मारामारी नाही. लोक उठून जाणार, अशी मी मनाची तयारी केली.

पहिला माहितीपट लावला तो हुसेन यांचा. मकबूल फिदा हुसेन हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. हा माणूस आपल्या पंढरपूरचा. १९१५ साली तिथे त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, इतकी लवकर की तिचा चेहराही त्यांना आठवत नसे. पुढे वडिलांबरोबर ते इंदूरला गेले, मग मुंबईला आले आणि सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरू लागले. ऊन, धूळ, बांबूची परात आणि खाली चाललेली ट्राम, अशा ठिकाणी त्यांचा हात तयार झाला. पुढे ते देशातले नामांकित चित्रकार झाले. २०११ साली लंडनमध्ये वारले.

तर १९६७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने हुसेन यांच्या हाती कॅमेरा दिला. 'एका चित्रकाराच्या डोळ्यांतून' असा त्या माहितीपटाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो. जेमतेम पंधरा-सतरा मिनिटांचा. सुरुवातीला हुसेन स्वतः चार शब्द बोलतात, आणि नंतर बोलणे बंद. राजस्थानातली गावे, किल्ल्यांच्या भिंती, बाया, गुरे, आणि मध्येच एक छत्री, एक कंदील, एक जोडा. मधूनमधून हुसेन यांनी काढलेली रेखाटने. सोबतीला विजय राघव राव यांचे संगीत. गोष्ट अशी काही नाहीच. बर्लिनच्या महोत्सवात त्या वर्षी लघुपटांचे सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथला पहिला मान, ह्याच छोट्या चित्राला मिळाला.

चादरीवर छत्री दिसली, कंदील दिसला, आणि पोरे हसू लागली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "गोष्ट कवा सुरू होते वो?" मी मनात म्हटले, झाले! पण तेवढ्यात पुढे बसलेले एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, हा कंदील तं माह्या घरचाच हाय!"

लोक पुन्हा हसले. पण मला ते वाक्य लागले. घरी पन्नास वर्षे टांगलेला कंदील त्या आजोबांनी पन्नास वर्षे पाहिला नव्हता. तो पेटवला, विझवला, त्याची काच पुसली, वात कापली. पण पाहिला नाही. त्या दिवशी चादरीवर तो एकटाच, मोठा होऊन समोर आला, तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. हुसेन यांचे आजोबा कंदील-दिव्यांचे काम करीत. त्या कंदिलाने नातवाची पाठ आयुष्यभर सोडली नाही. छत्री आणि कंदील त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतात ते ह्यामुळेच.

चित्रकाराच्या कामाची ही पहिली पायरी झाली: पाहणे. अजून कागद नाही, रंग नाही, ब्रश नाही. नुसते पाहणे. आणि त्याला पैसा लागत नाही, हे विशेष.

आता दुसरा माहितीपट. हा परदेशातला. पाब्लो पिकासो हा स्पेनमध्ये जन्मलेला आणि फ्रान्समध्ये राहिलेला चित्रकार. त्याच्यावर क्लूझो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५५ च्या उन्हाळ्यात नीस या गावी हे चित्रीकरण केले. १९५६ साली ते कान येथील महोत्सवात दाखवले गेले आणि त्याला परीक्षकांचे खास पारितोषिक मिळाले. पिकासो त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचा होता. अंगात सदरा नाही, आखूड चड्डी घातलेली, असा हा म्हातारा उघड्या अंगाने कामाला उभा राहतो. आमच्या मंडळींना तो एकदम जवळचा वाटला. वखरावर उभा राहिलेला माणूस काय वेगळा दिसतो?

ह्या माहितीपटात एक युक्ती आहे, ती नीट सांगतो. चित्रकार चित्र काढत असताना आपण त्याच्या पाठीमागे उभे राहिलो, तर आपल्याला त्याची पाठ दिसते, हात दिसतो, आणि चित्र हाताखाली झाकून जाते. म्हणून त्यांनी असा कागद आणि अशी शाई घेतली, की ह्या बाजूने ओढलेली रेघ पलीकडच्या बाजूला तशीच झिरपावी. पिकासो एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला, मध्ये ताणलेला कागद. त्यामुळे आपल्याला ना हात दिसतो, ना ब्रश. कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर रेघ आपोआप निघते, वळते, फुटते, वाढते. चित्र जणू उगवते.

उगवते हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट ह्यावरून आठवते. 'राजा हरिश्चंद्र' निघाला १९१३ साली. त्याच्या आदल्या वर्षी भांडवल जमवायचे म्हणून फाळक्यांनी एक छोटीशी फिल्म तयार केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर लावून ठेवला. दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले. सगळे जोडून पाहिले तेव्हा महिनाभराची वाढ मिनिटभरात दिसली. दाणा फुगला, अंकुर निघाला, वेल चढली. आपल्या मराठी मुलखात कॅमेऱ्याने केलेले हे अगदी सुरुवातीचे काम, आणि ते उगवण्याचे आहे. फाळकेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले होते, हे ध्यानात ठेवा. शेतकरी रोज शेतावर जातो, पण पीक वाढताना त्याला कुठे दिसते? आज बघितले, उद्या बघितले, फरक पडला एवढे कळते. वाढ मात्र निसटून जाते. ती निसटलेली वाढ कॅमेऱ्याने पकडली. फाळक्यांनी वाटाण्याची पकडली, क्लूझोने चित्राची.

आता पटांगणात काय झाले ते ऐका. त्या माहितीपटात एक भाग असा आहे, की फिल्म संपत आलेली असते. पाचेक मिनिटांचीच उरली आहे असे पिकासोला सांगतात. तो म्हणतो, चालेल, तेवढ्यात काढतो. आणि घाईघाईने काढू लागतो. पहिल्यांदा फुले निघाली. पोरे ओरडली, "फूल! फूल!" तोच त्या फुलांभोवती रेघ फिरली आणि मासा झाला. "मासोळी! मासोळी!" मग माशाचा कोंबडा झाला. आता भिंतीवर बसलेली तरुण मंडळीसुद्धा ओरडू लागली. शेवटी काळा रंग फिरला आणि कोंबड्याच्या जागी एक चेहरा आपल्याकडे पाहू लागला. आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! कुठले नीस आणि कुठले वडनेर! पण कोंबडा सगळीकडे कोंबडाच.

टाळ्या वाजवून झाल्यावर मात्र एका पोरीने मला प्रश्न विचारला. "गुरुजी, फूल किती छान होतं. त्यानं ते खराब काहून केलं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. पुढचा भाग तिचे उत्तर देईल म्हणून मी गप्प बसलो.

पुढे पिकासो मोठे चित्र घेतो. समुद्रकिनारा, माणसे, पाणी, आकाश. हे तेलरंगातले काम आहे. तेव्हा तो थोडे रंगवतो आणि कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. पुन्हा रंगवतो, पुन्हा टिपतात. एक बाई इथे होती ती तिथे जाते. डोके मोठे होते, लहान होते. आकाश बदलते. चांगली जमलेली जागा तो बिनदिक्कत रंगाखाली गाडून टाकतो. आणि शेवटी स्वतःच कबूल करतो, की हे बिघडत चालले आहे, फार बिघडले आहे. पण चिडत नाही, कपाळाला हात लावून बसत नाही. तो म्हणतो, की आता मला वाट कळली, आणि नवा कॅनव्हास आणवून तेच चित्र पहिल्यापासून सुरू करतो.

नेमक्या ह्याच ठिकाणी आमची वीज गेली. वडनेरला वीज जाणे ही काही बातमी नव्हे. वीस मिनिटे काळोख होता. रस्त्यावरून ट्रक जात, त्यांचा उजेड चादरीवरून सरकून जाई. मला वाटले, आता मंडळी घरी जातील. कुणी उठले नाही. त्या काळोखातच कंदीलवाले आजोबा म्हणाले, "हे तं दुबार पेरणी झाली, गुरुजी."

श्रोतेहो, चित्रकलेवर मी पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. पण त्या चित्राबद्दल ह्याहून नेमके वाक्य माझ्या वाचनात आलेले नाही. पाऊस ओढ देतो, पेरलेले करपते, आणि शेतकरी पुन्हा बी घेऊन उभा राहतो. पहिली पेरणी फुकट गेली असे आपण म्हणतो खरे, पण तिने जमिनीचा आणि पावसाचा अंदाज शिकवलेला असतो. एक फरक मात्र सांगितला पाहिजे. शेतकऱ्याच्या दुबार पेरणीला बियाण्याचे पैसे लागतात, कधी कर्ज काढावे लागते. ती हौसेने कुणी करत नाही. मुलाच्या दुबार पेरणीला काय लागते? एक कोरा कागद.

आणि इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगायची आहे. ती सांगण्यासाठीच मी आज आलो.

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार. मुलगा अबोल. एकदा मी वर्गाला विषय दिला: पोळ्याचा बैल. बाकीच्या मुलांनी अर्ध्या तासात बैल काढले, झूल रंगवली, शिंगांना बेगड लावले. ह्या मुलाने बैलाची मान काढली, खोडली. पुन्हा काढली, पुन्हा खोडली. थुंकी लावून खोडली. कागद काळा झाला आणि शेवटी मानेच्या जागी फाटला. तास संपला तेव्हा त्याच्या कागदावर बैल नव्हता, एक भोक होते.

मी तो कागद सगळ्या वर्गासमोर उचलून धरला. म्हटले, "कागद काय झाडाला लागतात रे?" मुले हसली. मी त्यावर लाल शाईने 'अपूर्ण' असा शेरा मारला. मला वाटले, मी शिस्त लावली. तो मुलगा त्यानंतर चित्रकलेच्या तासाला येई, कागद पुढे ठेवी, आणि कागद कोराच परत देई. कोरा आणि स्वच्छ. त्यावर मी काय शेरा मारणार?

तो मुलगा त्या रात्री पटांगणात बसला होता. पिकासो चांगली जागा पुसून टाकत होता, पुन्हा काढत होता, पुन्हा पुसत होता. आणि तो मुलगा पडद्याकडे पाहत नव्हता. मान वळवून माझ्याकडे पाहत होता. रागाने नव्हे. 'हे चालते का?' असे विचारल्यासारखे.

जगातल्या नामांकित माणसाने खोडाखोड केली, तर आपण तिला साधना म्हणतो. सालदाराच्या पोराने केली, तर कागदाची नासाडी म्हणतो. बैलाची मान त्याच्या मनासारखी होत नव्हती. म्हणजे त्याच्या मनात मान होती, चांगली स्पष्ट होती. बाकीच्यांच्या मनात बैलच नव्हता. त्यांनी गेल्या वर्षीचा बैल पुन्हा काढला होता. वर्गात खरे काम तो एकटा करत होता, आणि शिक्षा त्यालाच झाली.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या लहानपणी पाटी होती. पाटीवर चुकले की ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. पाटी चुका लक्षात ठेवत नसे. आता वह्या आल्या, आणि वही प्रत्येक चूक जपून ठेवते. मुले चुकायला भ्यायला लागली ती उगीच नव्हे. मी असे म्हणत नाही की वह्या टाकून द्या. शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. मीही मुले बसवतो. स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळे करून घेतो. दहावीला वाढीव गुण मिळतात, ते गरिबाच्या मुलाला हवेच आहेत. परीक्षेत वेळ मोजलेला असतो आणि कागद एकच मिळतो. पण परीक्षेचा नियम आपण वर्षभर रोजच्या तासाला लावला, तर मूल फक्त तेवढेच काढते जे चुकणार नाही. आणि जे चुकणार नाही, ते त्याचे नसते. ते फळ्यावरचे असते.

आता कुणी विचारील, की खोडाखोड म्हणजेच कला काय? नाही. तिसरी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला मला आपल्या विदर्भात जन्मलेल्या माणसाकडे यायला हवे. वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून १९४८ साली ते बाहेर पडले. पुढे दिल्लीला राहिले आणि २००१ साली वारले. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, कंदीलही नाही. नुसता रंग, आणि त्या रंगाच्या आतून येणारा उजेड. ब्रशाऐवजी ते रूळ फिरवीत, पातळ सुरीने रंग ओढीत, कागदाचे फाटके तुकडे रंगवून कॅनव्हासवर दाबीत आणि उचलून घेत. थरावर थर. आणि वर्षाकाठी चित्रे किती? मोजून पाच-सहा.

मग बाकीचा वेळ ते काय करीत? वाट पाहत. सुनील काळदाते यांनी १९९५ साली त्यांच्यावर माहितीपट केला आहे. शिक्षकांनी तो मिळवून जरूर पाहावा. आमच्या पटांगणात त्या रात्री मी तो लावला नाही. पण वीज येईपर्यंत काळोखात मी गायतोंड्यांची गोष्ट सांगितली. वर्षाला पाच चित्रे ऐकून एक तरुण म्हणाला, "मग खात काय होते गुरुजी? आनि किती रुपयाले जाते असं चित्र?" मी खरे ते सांगितले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांच्यावर गेले. भिंतीवरून एक शिट्टी ऐकू आली. पण त्या वेळी गायतोंडे जाऊन बारा वर्षे झाली होती. हयातीत ते दिल्लीला अगदी साध्या खोलीत राहिले. २३ कोटी त्यांनी पाहिले नाहीत, आणि वाट पाहिली ती त्यासाठी नव्हती.

वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे, हे शेतकऱ्याला मी काय समजावणार? पाऊस पडून गेला की दुसऱ्याच दिवशी कुणी वखर घालत नाही. वाफसा यावा लागतो. चिखलात वखर घातला तर ढेकळे होतात, फार वाळू दिले तर फाळ चालत नाही. बांधावर उभा राहून जमीन नुसती पाहणारा शेतकरी रिकामा दिसतो, पण तो काम करत असतो. गायतोंडे कोऱ्या कॅनव्हाससमोर बसत ते असेच. वर्गात एखादे मूल दहा मिनिटे कोऱ्या कागदासमोर बसले तर आपण म्हणतो, "काय रे, झोपलास का?" कदाचित झोपलेलाही असेल. पण कदाचित वाफसा पाहत असेल. एवढी शंका शिक्षकाने मनात बाळगायला हरकत नाही.

म्हणजे पाहणे, वाट पाहणे, करणे, मोडणे आणि पुन्हा करणे. चित्रकाराचे सगळे काम एवढ्यात आले. ह्यात शहरातल्या माणसालाच जमेल असे काय आहे? आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजी येऊन राहिले १९३६ साली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांना बोलावले, आणि अट अशी, की सामान खेड्यातले असावे. बांबू, गवत, माती. पुढे १९३८ साली हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदबाबूंनी ऐंशीच्या वर चित्रे काढली. त्यांत ढोल वाजवणारा आहे, चांभार आहे, शेतकरी आहे, घरकाम करणाऱ्या बाया आहेत. येणारा-जाणारा खेडूत वाटेवर उभा राहून पाहील, अशी ती लावली होती. तेव्हा चित्रांचे आणि आपले नाते नवे नाही. मधल्या काळात ते थोडे विसरले गेले, एवढेच.

शिक्षकांसाठी आणखी एक छोटी गोष्ट. सय्यद हैदर रझा हे मोठे चित्रकार मूळचे मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले. नागपूरच्या कलाशाळेत शिकले. लहानपणी अतिशय चंचल. ककैया गावच्या प्राथमिक शाळेत नंदलाल झारिया नावाचे गुरुजी होते. मुलाचे चित्त ठरत नाही असे पाहून त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितले, की ह्याच्याकडे पाहत बस. छडी नाही, शेरा नाही, एक ठिपका. पुढे पॅरिसला राहून रझांनी जगभर नाव केले. त्यांच्या चित्रांत मध्यभागी मोठा काळा बिंदू असतो. तो कुठून आला हे विचारले, की ते गुरुजींचे नाव घेत. खेड्यातल्या शाळेची भिंत, त्यावरचा एक ठिपका, आणि तो आयुष्यभर पुरला. आपण मुलाच्या कागदावर काय काढतो, ठिपका की लाल शेरा, हे किती दूरवर जाते ते पाहा.

आता माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो.

वीज आली, माहितीपट संपला, मंडळी पांगली. मी चादर सोडत होतो. तो मुलगा बांबू धरायला आला. मी त्याला विचारले, "तो बैलाचा कागद आहे का रे तुझ्याजवळ?" तो म्हणाला, "नाही जी. चुलीत घातला."

मी त्याला काय बोललो ते इथे सांगत नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी की नाही, ह्यावर मतभेद होतील. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा मागून आणला. एका बाजूने छापलेल्या, मागची बाजू कोरी. तो वर्गात खिडकीजवळ ठेवला आणि सांगितले, की हे कागद मोडायसाठी आहेत. ह्यांना गुण नाहीत, शेरे नाहीत, आणि हे मोजायचेही नाहीत.

पहिले आठ दिवस त्या मुलाने गठ्ठ्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी दोन कागद घेतले. बैल काही त्याने अजून काढलेला नाही. बापाचा फवारणीचा पंप काढतो आहे. त्याचा पट्टा खांद्यावर कसा बसतो, ते त्याला जमत नाही. म्हणून खोडतो, पुन्हा काढतो. अकरा कागद झाले. तो पुढे चित्रकार होईल का? मला ठाऊक नाही, आणि तो प्रश्नही नाही. त्याने बापाचा खांदा पाहिला आहे, आणि तो त्याला नीट काढायचा आहे. माझ्या मते त्याचे शिक्षण पुन्हा सुरू झाले.

तेव्हा पालकांनो, घरी मूल कोळशाने भिंतीवर रेघोट्या ओढत असेल, तर फडके घेऊन धावण्याआधी घटकाभर मागे उभे राहून पाहा. कदाचित काही उगवत असेल. आणि शिक्षक मित्रांनो, जमल्यास आपल्या शाळेतही एक चादर ताणून असा एखादा माहितीपट दाखवा. वीज गेली तर घाबरू नका. काळोखातच लोक खरे बोलतात, हा माझा अनुभव आहे.